पाना-पक्कड : गाडी खोलायच्या आधी

गेल्या महिन्यात या सदरात चेन सेटवर लिहिलं, आणि पत्रं आली ती सगळी वेगळ्याच विषयावर. गाडीवरची कमी, पोरांवरची जास्त. ‘पोराला गॅरेजात टाकू का?’ हा एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत. म्हणून यावेळी ॲव्हरेज, पिकअप बाजूला ठेवतो आणि या पत्रांना उत्तरं देतो. मी १९८८ साली, सोळाव्या वर्षी, अमळनेरला हेल्पर म्हणून लागलो. १९९७ पासून स्वतःचं गॅरेज आहे. सांगतो ते तेवढ्या अनुभवावर.

प्रश्न : मी १७ वर्षांचा आहे. पारोळा तालुक्यात राहतो. दहावीला ५६ टक्के पडले. घरी चार एकर कोरडवाहू कपाशी आहे. मला मोटरसायकल दुरुस्तीचीच आवड आहे. गावातल्या गाड्यांचे प्लग, क्लच वायर मीच बदलतो. आयटीआय करू की थेट गॅरेजात लागू? वडील म्हणतात, ‘हात काळेच करायचे तर शेत काय वाईट?’

बेटा, आधी वडिलांचं. त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि काळजी जास्त आहे. त्यांचं आयुष्य आभाळाकडे बघण्यात गेलं. पोराच्या नशिबी तरी ते येऊ नये, एवढंच त्यांना म्हणायचं असेल. ‘हात काळे’ हे शब्द मी माझ्या आईकडून ऐकलेत. पहिल्या कमाईतून आखाजीला तिला पातळ आणलं, तेव्हा ती काहीच बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून डब्यात भाकरीसोबत लिंबाची फोड यायला लागली. खायला नाही, हात घासायला.

आता तुझा प्रश्न. आयटीआय कर, आणि गॅरेजही धर. एकाची जागा दुसरं भरून काढत नाही.

आयटीआयमध्ये तुझ्या कामाचे दोन ट्रेड आहेत. ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ दोन वर्षांचा आणि ‘मेकॅनिक टू अँड थ्री व्हीलर’ एक वर्षाचा. प्रत्येक संस्थेत दोन्ही असतातच असं नाही. ऑनलाइन अर्जात पर्याय भरण्याआधी जवळच्या आयटीआयमध्ये स्वतः जाऊन विचार. घरचं जमत असेल तर दोन वर्षांचा घे. तो केला की एसटीच्या कार्यशाळेत अप्रेंटिस म्हणून लागता येतं, कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरची दारं उघडतात, आणि पुढे शिकावंसं वाटलं तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट असते. अप्रेंटिसला १९६१ च्या कायद्याप्रमाणे विद्यावेतन मिळतं. म्हणजे शिकता शिकता घरी चार पैसे येतील. वडिलांना हे समोर बसून सांग.

माझ्याकडे हा कागद नव्हता, त्यामुळे काय राहून गेलं तेही सांगतो. बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो ते सिलिंडरचं आतलं भोक, झिजलाय की नाही हे मी कित्येक वर्षं बोटाने चाचपून ठरवायचो. बोटाला कड लागते, ओरखडा लागतो, पण किती शतांश मिलिमीटर झिजला ते कळत नाही. आणि नुसत्या रिंगा टाकून भागेल की लेथवर बोअर मारून नवा पिस्टन टाकावा लागेल, हे त्या आकड्यावरच ठरतं. बोअर गेज आणि मायक्रोमीटर मी पस्तिशी उलटल्यावर एका लेथवाल्याकडे बसून शिकलो. त्याआधी माझ्या अंदाजामुळे किती गिऱ्हाइकांनी नाहक खर्च केला असेल, याचा विचार आजही मनात येतो. तू हे अठराव्या वर्षी शीक.

गॅरेज मात्र जे शिकवतं ते वर्गात येत नाही. त्याची एक गोष्ट सांगतो. १९९० चा मे महिना होता. पारोळा रस्त्यावरच्या एका खेड्यातले दूधवाले दादा सीडी १०० घेऊन आले. मागे दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन. गाडी सात-आठ किलोमीटर नीट चालायची, मग धापा टाकत बंद पडायची. दहा मिनिटं निंबाखाली उभी केली की पुन्हा एका किकमध्ये चालू. उस्ताद बाहेरगावी होते. मी कार्बोरेटर उतरवला, जेट साफ केले, फ्लोट बघितला, बसवला. दुसऱ्या दिवशी गाडी परत. नवा प्लग टाकला, कॉइल बदलली. तिसऱ्या दिवशी ते दादा गाडी ढकलतच आले. अंगावरचा सदरा पाठीला चिकटलेला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “भाऊ, आज दूध फाटी गयं.”

उस्ताद तोवर आले होते. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. विचारलं, “बंद पडल्यावर तुम्ही काय करता?”

“टाकीत पेट्रोल शे का, ते पाहस.”

“म्हणजे झाकण खोलता?”

“हा. आन् मग चालू व्हस.”

उस्तादांनी टाकीचं झाकण काढून माझ्या हातात उलटं ठेवलं. आत एक बारीक भोक असतं. काळ्या मातीची धूळ आणि पेट्रोलचा चिकटा मिळून ते पार बुजलेलं होतं. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून टाकीत शिरावी लागते. ती वाट बंद झाली की टाकीत पोकळी धरते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. झाकण उघडलं की हवा आत जाते आणि गाडी चालू होते. पुढे सात-आठ किलोमीटरवर पुन्हा तेच. उस्तादांनी टाचणीने भोक मोकळं केलं, फुंकर मारली, झाकण लावलं. नवी कॉइल काढून जुनी बसवली आणि पैसे परत केले. दोन दिवस मी गाडी खोलत होतो, आणि गाडी चालवणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारला नव्हता.

त्या दिवसापासून पाना उचलायच्या आधी मी विचारतो. कधीपासून होतंय? गार असताना की तापल्यावर? झटक्यात बंद पडते की हळूहळू मरते? याआधी कोणी काय काम केलं? झटक्यात मेली तर बहुतेक वेळा करंटचा घोळ निघतो, धापा टाकून मेली तर पेट्रोलचा. हा काही कायदा नाही, पण कुठून सुरुवात करायची ते यावरून कळतं. पार्ट बदलणं सहा महिन्यांत येतं. कोणता पार्ट बदलायचा नाही, हे कळायला वर्षं जातात, आणि गिऱ्हाईक तुझ्याकडे टिकतं ते त्यामुळेच.

एक दोनशे पानी वही कर. प्रत्येक गाडीची तीन वाक्यं लिही : लक्षण काय होतं, तुला काय वाटलं, शेवटी काय निघालं. आयटीआय सुटल्यावर संध्याकाळी दोन तास आणि सुट्टीत पूर्ण दिवस गॅरेजात बस. पैशाची अपेक्षा पहिली दोन-तीन वर्षं माफक ठेव. आणि पेरणीच्या आठवड्यात वडिलांसोबत शेतात जा. त्यांना बरं वाटेल.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. चोपड्याला एका गॅरेजात लागून वर्ष झालं. पार्ट धुणं, चहा आणणं, गाड्या आत-बाहेर करणं एवढंच काम. रोजचे १०० रुपये मिळतात. हातावर पुरळ उठलं आहे. उस्तादांशी बोलावं का? ते रागावले तर?

ताई, जरूर बोला. पण त्याआधी पोराशी बोला. त्याला विचारा, “क्लच प्लेटा धुताना तू काय बघतोस?” जळका वास येतो का, प्लेट काळी पडली का, प्रेशर प्लेट निळी झाली का, हाउसिंगला खाचा पडल्या का, असं काही तो सांगू लागला, तर त्याचे डोळे शिकत आहेत. ‘काही नाही, धुतो’ म्हणाला, तर त्याला कोणी सांगितलेलंच नाही. पार्ट धुणं हे हलकं काम नाही. कोणता पार्ट कुठे झिजतो हे तिथेच कळतं. पण ते तीन-चार महिन्यांचं शिक्षण आहे, वर्षाचं नाही.

उस्तादांकडे सकाळी शटर उघडतानाच जा. गिऱ्हाइकांसमोर नको. तक्रार करू नका, तारीख मागा : “दिवाळीपर्यंत हा एक सर्व्हिसिंग एकटा करेल का?” ज्याला शिकवायचं आहे तो सांगेल, आधी ब्रेक-चेन, मग ऑइल-फिल्टर, मग टॅपेट. जो ‘बघू, बघू’ म्हणेल, त्याच्याकडून पोराला काढा. मी स्वतः पहिल्या गॅरेजात चौदा महिने फक्त पार्ट धुतले. मालक इंजिन खोलताना मुद्दाम मला किराणा आणायला पाठवायचा. मला तेव्हा कळत नव्हतं, बहिणीला कळलं. तिने भांडून मला दुसऱ्या गॅरेजात लावलं, म्हणून मला ते टाकीच्या झाकणाचे उस्ताद मिळाले.

पुरळाकडे दुर्लक्ष करू नका. तो नक्की पेट्रोलने पार्ट आणि हातही धूत असणार. आमच्या पिढीने तेच केलं आणि आमच्या बोटांना आजही भेगा आहेत. पेट्रोल कातडीतलं तेल ओढून घेतं, आणि इंजिनातून निघालेलं काळं ऑइल रोज अंगाला लागणं त्याहून वाईट, त्याने कातडीचा कर्करोग होऊ शकतो. रबरी हातमोजे घालायला लावा. हात साबणानेच धुवायचे. आणि दोन गोष्टी त्याला माझ्या नावाने सांगा. ब्रेक ड्रममधली भुकटी हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, ती छातीत जाते. आणि पावसात शटर खाली ओढून आत गाडी चालू ठेवायची नाही. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस बसल्या जागी जातो. पुरळ मात्र डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : यावल तालुक्यात माझं बारा वर्षांचं गॅरेज आहे. वय ३६. केळीच्या पट्ट्यातलं गिऱ्हाईक चांगलं आहे. पण बीएस-६ या प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या गाड्या आल्या आणि माझा हात थांबला. इंजिनचा पिवळा दिवा लागला की मी गाडी शोरूमला पाठवतो. आता इलेक्ट्रिक गाड्याही दिसू लागल्या. हा धंदा सोडावा का?

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझाही हात असाच थांबला होता. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर गेला आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टर आला. तीस वर्षं ज्या हाताने मी जेट साफ केले, त्या हाताला एकदम काम राहिलं नाही. वर्षभर मीही दिवा लागलेली गाडी परत पाठवत होतो.

मग एका रात्री एक पोरगा गाडी ढकलत आला. शेतातून येत होता. सेलचं (स्टार्टरचं) बटण दाबलं की टक-टक आणि पिवळा दिवा, किक मारूनही चालू नाही. परत पाठवणार कुठे? मी त्याला चावी बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं आणि टाकीला कान लावला. इंजेक्शनच्या गाडीत चावी चालू केली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. तो आवाज आला, पण मेल्यासारखा. मल्टिमीटर लावला, तर बॅटरी ११.४ व्होल्ट. चांगली बॅटरी उभ्या गाडीत साडेबारा-पावणेतेरा दाखवते. टर्मिनल उघडलं तर पांढरा क्षार साठलेला. गरम पाण्याने धुतलं, घासलं, घट्ट केलं, माझी बॅटरी जोडून गाडी चालू केली. मग रेस वाढवून चार्जिंग मोजलं, चौदाच्या वर. म्हणजे चार्जिंग ठीक होतं, क्षारामुळे बॅटरीपर्यंत पोहोचत नव्हतं. दिवा गेला. ना दोष वाचणारा स्कॅनर लागला, ना सेन्सर बदलावा लागला.

तेव्हापासून बघतोय, ‘सेन्सर गेला’ म्हणून येणाऱ्या बहुतेक गाड्यांत बॅटरी, टर्मिनल, अर्थची वायर, उंदराने कुरतडलेली वायरिंग, नाहीतर धुताना पाणी शिरलेला कपलर (वायरी जोडणारा जोड) निघतो. तुमच्याकडे केळीच्या बागेतून, पाटाच्या चिखलातून गाड्या येतात आणि गिऱ्हाईक थेट प्रेशरने धुतं. कपलर सोडवून आतल्या पिना बघायची सवय लावा. दिव्याची भाषाही शिका. बऱ्याच गाड्यांत तो लांब आणि छोटा असा ठरावीक वेळा लुकलुकतो. ते मोजलं की कोड कळतो आणि कोडावरून कोणत्या सर्किटमध्ये शोधायचं ते कळतं. कोड आला म्हणजे तो पार्ट गेला असं धरू नका. आधी तिथली वायर तपासा.

जुन्या सवयींपैकी एक आजच सोडा. आपण चालू गाडीत बॅटरीची वायर काढून चार्जिंग बघायचो. इंजेक्शनच्या गाडीत हे केलं तर व्होल्टेज उसळून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जाऊ शकतो. चेसीला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी सोडा आणि ईसीयूचा कपलर काढा. पेट्रोलचंही लक्ष ठेवा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली की टाकीच्या तळाला पाणी बसू शकतं, मग गंज धरतो आणि पंपाची जाळी बुजते. पावसाळ्यानंतर बंद पडलेली गाडी आली तर टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला की कारण सापडलं.

चांगला मल्टिमीटर आधी घ्या, स्कॅनर नंतर. पैसे लागले तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, बँकेत विचारा. सावकाराकडे जाऊ नका, एवढी विनंती.

इलेक्ट्रिकचं म्हणाल तर त्या गाडीलाही ब्रेक शू आहे, शॉकअप आहे, कोन सेट आहे, बेअरिंग आहे, टायर आहे. ते सगळं तुमचंच काम. बॅटरीचा डबा मात्र शिकल्याशिवाय खोलायचा नाही. तो आपल्या १२ व्होल्टसारखा नसतो. ४८, ७२ व्होल्टचा डीसी करंट आणि आत लिथियम, एक पाना आडवा पडला तर आग लागते. आयटीआयमध्ये आता इलेक्ट्रिक व्हेइकलचाही ट्रेड आहे. तुमच्या हेल्परला तिकडे पाठवा आणि तो शिकून आला की त्याच्याकडून तुम्ही शिका. मी इंजेक्शन माझ्या बावीस वर्षांच्या पोऱ्याकडून शिकलो. धंदा सोडू नका, भाऊ. बारा वर्षं लोक तुमच्या दारात गाडी सोडून निर्धास्त घरी जातात. ते शोरूमला विकत मिळत नाही.

प्रश्न : मी शहादा तालुक्यातली, १८ वर्षांची मुलगी. बारावी झाली. मला टू-व्हीलर मेकॅनिक व्हायचं आहे. घरचे हसतात. मैत्रिणी म्हणतात, गाडी उचलायची ताकद लागते. खरंच लागते का?

लागते, पण वाटते तेवढी नाही. स्प्लेंडर डबल स्टँडवर घेताना लोक हाताने वर ओढतात आणि कंबर धरून बसतात. स्टँडच्या आकड्यावर उजवा पाय ठेव, स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेत का बघ, मग अंगाचा सगळा भार त्या पायावर दे. हाताने फक्त मागे सरकवायची. माझा सगळ्यात बारीक हेल्पर पंचेचाळीस किलोचा होता आणि दिवसभर गाड्या स्टँडवर घ्यायचा. घट्ट नटाला लांब दांड्याचा पाना लावायचा. मुंबई-पुण्याकडे मुली सर्व्हिस सेंटरमध्ये हे काम करतात, आणि आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा असतात.

तुला खोटं सांगणार नाही. वीस वर्षांपूर्वी तू माझ्या दारात आली असतीस तर मी ‘नको’ म्हटलं असतं, आणि ते चूक ठरलं असतं. आता सून गॅरेजचा हिशेब बघते. तिच्यामुळे माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं माझ्या गॅरेजला संडास नव्हता. गेल्या वर्षी बांधला. म्हणून तुला सांगतो, गॅरेज निवडताना उस्ताद किती मोठा आहे ते नंतर बघ. आधी बघ की संडास आहे का, संध्याकाळी किती वाजता सोडतात, आणि तिथली पोरं गिऱ्हाईक बायकांशी कशी बोलतात. शेवटची गोष्ट दोन तास समोरच्या टपरीवर बसलीस तरी कळेल. तुझ्या भागात शिक्षिका, आशा ताई, बचत गटाच्या बायका सगळ्या स्कूटी चालवतात आणि गॅरेजच्या गर्दीत उभ्या राहायला संकोचतात. तुझं पहिलं गिऱ्हाईक त्यांच्यात आहे. घरच्यांच्या स्कूटीचं पुढचं सर्व्हिसिंग त्यांच्यासमोर, अंगणात कर.

प्रश्न : आयटीआय संपलं, धुळ्यात गॅरेजात लागतोय. स्वतःची हत्यारं कोणती घेऊ? बजेट कमी आहे.

एकदम सेट घेऊ नकोस. ८, १०, १२, १४ आणि १७ नंबरचे रिंग पाने आणि टी पाने चांगल्या प्रतीचे घे. आपल्याकडच्या रोजच्या गाड्यांचं बहुतेक काम यांवर निघतं. प्लग पाना, पक्कड, फीलर गेज, साधा मल्टिमीटर, आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट पेचकस. इंजिन कव्हरचे स्क्रू साध्या पेचकसने खराब होतात, मग ड्रिलने काढावे लागतात. मॅग्नेट आणि क्लचचे पुलर उस्तादांचे वापर. पहिल्या वर्षाच्या पैशातून टॉर्क पाना घे. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, अंदाजाने आवळलं की आटे निघून येतात आणि गिऱ्हाइकाला भुर्दंड बसतो. घेतल्या दिवशीच प्रत्येक पान्यावर पंचने तुझ्या नावाचं अक्षर मारून घे. रात्री शटर ओढायच्या आधी मोजून गुंडाळीत ठेव. १० चा पाना सगळ्यात आधी मोज, हरवतो तो तोच.